फिझाक सोडताना कामांचा क्रम कसा लावावा

आपण विचारले आहे की, फ्रान्समधल्या फिझाक या लहान गावात सामानासह भाड्याने घेतलेल्या घरात चौदा महिने राहिल्यावर ३१ जुलैला सहकुटुंब पुण्याला परतायचे असेल, तर आवराआवर कुठून सुरू करावी. त्याच गावात मी तीन वर्षे काढली आणि निघताना नेमका क्रमच चुकवला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिले काम घरमालकाला पत्र देण्याचे. सामानासह घेतलेल्या घरासाठी एक महिन्याची पूर्वसूचना पुरते; रिकाम्या घराला एरवी तीन महिने लागतात. मात्र हा महिना आपण पत्र टाकता त्या दिवसापासून नव्हे, तर मालकाच्या हाती ते पडते त्या दिवसापासून मोजला जातो. पोचपावतीसह पाठवलेले नोंदणीकृत पत्र घ्यायला घरी कोणी नसेल, तर ते पोस्टात पंधरा दिवस पडून राहते आणि तिथून कोणी सोडवून नेले नाही तर परत येते. तोवर आपली मुदत सुरूच झालेली नसते. माझे मालक गावाला गेले होते आणि मला जास्तीचे दोन आठवड्यांचे भाडे भरावे लागले. लहान गावात मालक बहुधा चार गल्ल्या पलीकडेच राहतात, तेव्हा पत्राच्या दोन प्रती घेऊन प्रत्यक्ष जावे आणि एका प्रतीवर तारखेसह सही घ्यावी. कायद्याला हेही चालते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच हे उरकून टाका.

निघण्याच्या दिवशी घराची जी संयुक्त पाहणी होते, तिला तिथे ‘एता दे लिय’ म्हणतात. प्रवेशाच्या वेळची तशीच नोंद शोधून हाताशी ठेवा, कारण अनामत रकमेचा सगळा वाद या दोन कागदांच्या तुलनेवर ठरतो. दोन्ही जुळले तर किल्ल्या दिल्यापासून एका महिन्यात आणि फरक निघाला तर दोन महिन्यांत अनामत परत करणे मालकाला बंधनकारक आहे. उशीर झाल्यास, आपण नवा पत्ता कळवलेला असेल तर, दर सुरू झालेल्या महिन्यामागे मासिक भाड्याच्या १० टक्के रक्कम अधिक द्यावी लागते. वापराने फिका पडलेला रंग ही स्वाभाविक झीज मानली जाते, तिचे पैसे कापू देऊ नका. नळांवर आणि न्हाणीघराच्या काचेवर बसलेला पांढरा क्षार मात्र झिजेत धरत नाहीत. त्यावर किराणा दुकानात मिळणारे साधे पांढरे व्हिनेगर रात्रभर लावून ठेवावे. महागड्या बाटल्यांपेक्षा ते बरे, असा माझा अनुभव आहे.

आता माझी खरी चूक. सगळे एकदाचे संपावे म्हणून मी निघण्याच्या आठवड्यात बँकेचे खाते आणि फ्रेंच मोबाईल क्रमांक दोन्ही बंद केले. त्यानंतर अनामत जमा करायला खाते उरले नाही, विजेचे शेवटचे बिल अडकले आणि संकेतस्थळांचे सांकेतिक क्रमांक बंद पडलेल्या फोनवर जात राहिले. शिवाय चालू वर्षाच्या उत्पन्नाचे विवरण पुढच्या वर्षी वसंतात भरायचे असते, म्हणजे आपण पुण्याला पोहोचल्यावर. तेव्हा खाते आणि सर्वांत स्वस्त योजनेतला मोबाईल क्रमांक निदान वर्षभर चालू ठेवा. नंतर खाते बंद करायला शुल्क पडत नाही. वीज, घराचा विमा, इंटरनेटचे यंत्र परत करणे, आरोग्य विम्याला कळवणे ही कामे एका दुपारची आहेत.

मुलगा शाळेत असेल तर नाव कमी केल्याचा दाखला आणि गुणपुस्तिका जुलैच्या आरंभी सुट्टी लागण्यापूर्वीच घ्या, नंतर कार्यालयात कोणी भेटत नाही. लसींच्या नोंदीची वहीही जपून ठेवा.

रोझेटा शिळेच्या आधारे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियोंच्या या जन्मगावी राहून त्या शिळेची जमिनीवरची ती अवाढव्य काळी प्रतिकृती आपण रोज तुडवली असेल. शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत आहे, तसा एकच नवा पत्ता मला मालक, बँक आणि कर कार्यालय यांना वेगवेगळ्या नमुन्यांत लिहून द्यावा लागला. हे हसण्यावारी नेऊ नका, तिघांनाही खरोखर कळवा.

निरोपाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. कामाच्या ठिकाणी निघणाऱ्यानेच सहकाऱ्यांना खाऊपिऊ घालण्याची तिकडे रीत आहे. पाववाली बाई, शनिवारच्या बाजारात बकरीचे चीज विकणारा, शेजारच्या आजी यांना मात्र शेवटच्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी सांगावे. मी शेवटच्याच शनिवारी सांगितले, तर आजी म्हणाल्या की अक्रोड झाडावरच आहेत, आता तुम्हाला देऊ काय?

आणि तुलूझची गाडी पकडण्याच्या घाईत एक गोष्ट विसरू नका: किती किल्ल्या परत केल्या, टपालपेटीची धरून, हे पाहणीच्या कागदावर आकड्यात लिहून घ्या.