सावली पायापासून बांधा

फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये मरीन ड्राइव्हच्या फोटोत दुसऱ्या फोटोतला माणूस कापून बसवायचाय ना? आधी कठड्याची सावली बघा: कुठल्या बाजूला, किती लांब. मुंबईत डिसेंबरच्या भर दुपारी सावली उंचीपेक्षा जराशीच आखूड असते, मेच्या मध्यात ती पायाखालीच गोळा होते.

कापलेल्या माणसाच्या लेअरची (म्हणजे फोटोवरच्या त्याच्या वेगळ्या थराची) कॉपी त्याच्या खाली घ्या, गडद निळसर रंगाने भरा (शुद्ध काळा नकोच, उघड्या आकाशाचा निळा उजेड सावलीत उतरतो). डिस्टॉर्टने (कोपरे ओढून आकार तिरपा करणारं टूल) पाय जागेवर ठेवून डोकं कठड्याच्या सावलीच्या दिशेला ओढा. लेअरचा मोड मल्टिप्लाय (खालचा फोटो गडद करत मिसळणारा); ओपॅसिटी, म्हणजे लेअरचा ठळकपणा, कठड्याच्या सावलीशी जुळेपर्यंत, बहुधा ६० टक्क्यांच्या आसपास.

सावलीला ब्लर (धूसरपणा) सगळीकडे सारखा दिलात की फसलंच! पायाशी २ पिक्सेल, डोक्याकडे १०-१२, मध्ये ग्रेडियंट मास्क, म्हणजे ब्लर हळूहळू बदलत जाईल असा पडदा. बुटांच्या तळाला बारीक ब्रशने गडद रेघ द्या, नाहीतर माणूस तरंगतो.