ई६१ हेड कोमट राहतंय? प्रेशरस्टॅटला हात लावू नका

तुमची पोस्ट वाचली. जुनं ई६१ हेडचं (हेड म्हणजे जिथून कॉफी कपात पडते तो पितळी भाग) एस्प्रेसो मशीन, लिंबूफुलाने बॉयलरचे क्षार काढले, आणि तेव्हापासून तासभर तापवलं तरी हेड कोमट, पहिला कप आंबट. आता प्रेशरस्टॅट (बॉयलरचा दाब ठरवणारा स्विच) वाढवू का, असं विचारलंय. कृपा करून वाढवू नका. अगदी हेच दुखणं घेऊन मी एका सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. मशीन न बघताच "प्रेशर चढवा" असं उत्तर मिळालं, मी ऐकलं, आणि त्यात दोन महिने आणि सगळी गॅस्केट्स गेली. हेड मात्र कोमटच राहिलं.

का, ते सांगतो. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेत्सेराने पेटंट घेतलेल्या यंत्रात बॉयलरची वाफच पाण्याला कॉफीतून ढकलायची. दीड बार दाब हवा तर पाणी सव्वाशे अंशांच्या पुढे न्यावं लागतं, मग कॉफी करपते. आकिल्ले गाज्जाने पिस्टन आणि लीव्हर आणून दाब आणि तापमान यांची फारकत केली, १९४८ पासून त्याची लीव्हरची यंत्रं बाजारात आली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ ने पिस्टनचं काम विजेच्या पंपाला दिलं. त्या वर्षी इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, नावातला ई एक्लिप्सचा, म्हणजे ग्रहणाचा. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये कॉफीचे नऊ बार पंप देतो. बॉयलरच्या गेजवरचा १.० ते १.२ बार हा फक्त उष्णतेचा हिशेब आहे.

ती उष्णता हेडपर्यंत पोचते थर्मोसायफनने. हीट एक्सचेंजरमधलं (बॉयलरच्या आतून जाणाऱ्या, कॉफीचं पाणी तापवणाऱ्या नळीतलं) गरम पाणी वरच्या नळीने हेडमध्ये चढतं, चार किलोच्या आसपास पितळ तापवून थोडं थंड होतं आणि खालच्या नळीने परत जातं. हे फिरणं थांबलं की बॉयलर कितीही तापवा, हेड थंडच.

मशीन ४० मिनिटं तापू द्या आणि हेडमागच्या दोन्ही नळ्यांना ओल्या फडक्याने अलगद हात लावून बघा. खालची किंचित कमी गरम असेल तर ठीक. एक चटका देणारी आणि दुसरी थंड असेल तर अभिसरण बंद आहे. (इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत क्रोमवर चुकीचा आकडा दाखवतो, त्यामुळे आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा.)

आधी नळीत अडकलेल्या हवेचा संशय घ्या. हेडचा लीव्हर उचलून २००-३०० मिलि पाणी सोडा, २० मिनिटं थांबा, पुन्हा बघा. दोन-तीनदा करून फरक पडला नाही, तर क्षाराचा तुकडा जेटमध्ये (हेडमधल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) अडकलाय, आणि लिंबूफुलानंतर बहुतेक वेळा तेच असतं. इथेच मोठी चूक होते. वर्षानुवर्षं साचलेली पापडी कडक द्रावणाने एकदम सुटते, पण विरघळत नाही. खपल्या वाहत जाऊन सगळ्यात बारीक भोकात बसतात.

मशीन बंद, प्लग काढलेला, पूर्ण गार, लीव्हर उचलून दाब सोडलेला. मग हेडवरचं मशरूम (वरचं गोल झाकण) नीट बसणाऱ्या पान्याने खोला, क्रोमवर ओरखडे नकोत म्हणून कापडाची पट्टी मध्ये ठेवा. आत बारीक जाळी आणि जेट असतं. जेटचं भोक बहुधा ०.७-०.८ मिमी. उजेडासमोर धरा, भोक पूर्ण गोल दिसायला हवं. सुई खुपसू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि पाण्याचा प्रवाह कायमचा बिघडतो. कोमट पाण्यात लिंबूफूल घालून १५ मिनिटं बुडवा, मग वायरचा एकच तांब्याचा धागा फिरवा.

जुन्या, इतिहास ठाऊक नसलेल्या मशीनला पुढच्या वेळी लिटरला २० ग्रॅमपेक्षा जास्त लिंबूफूल नको. द्रावण थोडंच आत जाऊ द्या, पाव तास थांबा, बाहेर पडणाऱ्या पाण्यात खपल्या दिसल्या तर तिथेच थांबा आणि हेड उघडून साफ करा. शेवटी दोन-तीन लिटर साधं पाणी. व्हिनेगर तर अजिबात नको.

हे ई६१ हेड आणि हीट एक्सचेंजर असलेल्या मशीनपुरतंच बोलतोय. सेफ्टी व्हॉल्व्ह कधी तपासलेला नसेल तर आधी जाणकाराकडून तपासून घ्या. हा दाबाखालचा बॉयलर आहे, इथे धाडस नको.

एक जाता जाता: बोअरवेलच्या पाण्याला कंटाळून नुसतं आरओचं पाणी घालू नका. फार शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, लेव्हल प्रोबला (बॉयलरमधली पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सळईला) पाणी कळत नाही आणि बॉयलर काठोकाठ भरतो. मग स्टीम वांडमधून (दूध फेसाळायच्या नळीतून) वाफेऐवजी गरम पाणी येतं. थोडं नळाचं पाणी मिसळून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० ते १०० च्या दरम्यान ठेवा.