हीट पंप गिझरसाठी एफडी मोडावी का?

(चोपड्याच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: घरात सहा माणसं, पंचवीस लिटरचे दोन गिझर. दुकानदार दोनशे लिटरचा हायब्रीड हीट पंप वॉटर हीटर 1,35,000 रुपयांना, बिनव्याजी हप्त्यावर देतो म्हणतो. विजेत सत्तर टक्के बचत सांगतो. मुलगी बारावीला आहे. तिच्या प्रवेशासाठी ठेवलेली एफडी मोडून एकरकमी घ्यावा की हप्त्यावर?)

ताई, तुम्ही दोन पर्याय विचारलेत, पण माझं उत्तर दोन्हींना नाही असंच आहे. दुकानदार खोटं बोलत नाही, हे मात्र आधी सांगतो. साधा गिझर विजेची उष्णता करतो, एका युनिटला एक युनिट. हीट पंप उष्णता तयार करत नाही, तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तेच काम उलट्या बाजूने. म्हणून एका युनिटमध्ये सुमारे तीन युनिटांची उष्णता मिळते. हायब्रीड म्हणजे त्यातच गिझरसारखा एलिमेंटही असतो, घाईच्या वेळेसाठी.

सत्तर टक्के खरे धरू. पण सत्तर टक्के कशाचे?

तुम्ही वर्षभराची बिलं पाठवलीत ते फार बरं केलंत. आपल्याकडे गिझरचा खर्च काढायला मार्च धरावा, कारण त्या बिलात गिझर जवळजवळ बंद आणि कूलर अजून माळ्यावर असतो. तुमचं मार्चचं बिल 165 युनिट, जानेवारीचं 310. म्हणजे कडाक्याच्या थंडीत सहा जणांच्या आंघोळीला महिन्याला 145 युनिट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून 500 धरा, पावसाळा आणि ऑक्टोबरचे 300, उन्हाळ्यात सासूबाईंच्या एका बादलीचे फार तर 100. मे महिन्यात दुपारी नळ सोडला की टाकीतलं पाणीच हात भाजवतं, तिथे गिझर कोण लावतो! वर्षाला झाले 900 युनिट. वरच्या स्लॅबचा दर सगळे आकार धरून 12 रुपये मानला, तर 10,800 रुपये. त्यातले दोन-तृतीयांश वाचले तर 7,200.

आता एफडीकडे बघा. 1,35,000 वर सात टक्क्यांनी वर्षाला 9,450 व्याज. वीस टक्क्यांच्या टप्प्यात कर भरूनही साडेसात हजारांच्या आसपास उरतं, आणि मुद्दल जागेवर. मशीन घेतलं तर मुद्दल जातं आणि ते वसूल व्हायला अठरा-एकोणीस वर्षं लागतात. विजेचे दर वाढतील हे मान्य. बचत 10,000 झाली असं धरलं तरी साडेतेरा वर्षं. तेवढं ते मशीन आपल्या पाण्यावर टिकेल, यावर मी पैसे लावणार नाही. जळगावात आमच्या घरी बोअरचं पाणी आहे. मागच्या दिवाळीआधी गिझरचा एलिमेंट काढला, तर करंगळीएवढी सळई अंगठ्याएवढी झाली होती, वर पांढरा क्षार चुन्यासारखा. तुमच्या गल्लीतही बोअरचंच पाणी असेल तर महागड्या टाकीला दर दोन-तीन वर्षांनी नवा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजून टाकी वाचवणारी सळई) आणि सफाई हे खर्च आलेच. काँप्रेसर बिघडला तर चोपड्यात मेकॅनिक मिळतो की जळगावहून बोलवावा लागतो, हे दुकानदाराला नक्की विचारा.

आपला उन्हाळा असा तापतो की हीट पंप जोरात चालावा. पण त्या दिवसांत त्याला कामच नसतं. आणि डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली घसरतो, तेव्हा गरम पाणी हवं असतं आणि पंपाला हवेतून उष्णता ओढायला जास्त वीज लागते. खानदेशात ही अडचण मला मोठी वाटते. दुपारी टायमर लावून टाकी तापवता येते, पण म्हणून वापर थोडाच वाढतो.

बिनव्याजी हप्त्याबद्दल थोडक्यात: रोखीचा भाव आधी विचारा. प्रोसेसिंग फी आणि रोखीला मिळणारी सूट बुडते, तेच त्याचं व्याज.

त्याच दुकानदाराने ट्यूबवाल्या दोनशे लिटर सोलरचा भाव 42,000 दिलाय, तो तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलात. मला तोच कामाचा वाटतो. आपल्या हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, म्हणजे गरज असते तेव्हाच ऊन. पावसाळ्यात निम्मं काम झालं तरी वर्षाला 600 युनिट वाचतील, म्हणजे बचत तेवढीच आणि पैसे सहा वर्षांत वसूल. तुमच्या गच्चीला दक्षिण मोकळी आहे. ट्यूबमध्येही क्षार बसतो, तेव्हा वर्षाला एकदा धुवून घ्यायच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर ट्यूब फुटतात, म्हणून सुट्या ट्यूबचा भाव आजच लिहून घ्या.

हीट पंप वाईट नाही. वसतिगृह, प्रसूतिगृह, किंवा गच्चीचा हक्क नसलेलं पंधरा माणसांचं घर, जिथे वर्षभर रोज चारशे लिटर गरम पाणी लागतं, तिथे मीच घ्या म्हणेन. वर्षाला 3,000 युनिट जाळणाऱ्याचे 2,000 वाचले तर 24,000 रुपये होतात. सहा वर्षांत हिशेब बसतो.

सोलरचे पैसेही एफडीतून काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की फी, होस्टेल, अनामत हे सगळं एकाच आठवड्यात मागतात, आणि बँकेत मुदतीआधी एफडी मोडली तर व्याज कापतात. पगारातून महिना 6,000 बाजूला टाका, सात महिन्यांत सोलर येईल. सासूबाईंना पहाटे पाचला पाणी लागतं म्हणून खालचा गिझर काढू नका. पावसाळ्यात तोच उपयोगी पडेल.