लहानपणी नात्यातल्या माणसाने केलेल्या अत्याचारातून बाहेर पडून स्वतःला परत मिळवता येतं का?

तू लिहिलंयस की नऊ वर्षांची असल्यापासून आत्याच्या नवऱ्याने तुझ्यावर अत्याचार केला. आता तू सव्वीस वर्षांची आहेस, घणसोलीला राहतेस, नोकरी करतेस. पुढच्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नात तो समोर येणार आणि आई म्हणते, झालं गेलं विसरून जा. ‘मी नेमकी कोण आहे तेच कळत नाही. यातून बरं होता येतं का?’ असं तू विचारतेस.

येतं. मी ठाण्याची, पन्नाशीला टेकलेली. माझ्या बाबतीतही आमच्याकडे रोजचं येणं-जाणं असलेला माणूसच होता. वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करते.

‘मी ओरडले का नाही’ हा प्रश्न तू स्वतःला अजून विचारतेस, म्हणून आधी त्याबद्दल. अतोनात भीतीत शरीर थिजतं. घशातून आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. हे कुणी ठरवून करत नाही, त्यामुळे तुझं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. तू एकटीही नाहीस. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्या लग्नाच्या मांडवात तुझ्यासारखं गप्प बसलेलं आणखी कुणीतरी असणारच.

विसरण्याचं म्हणशील तर ते हुकमाने होत नाही. माझ्यावर अत्याचार करणाऱ्या माणसाच्या तोंडाला जर्द्याचा वास यायचा. ठाणे स्टेशनच्या पुलावर पुढच्या माणसाकडून तो वास आला की माझे पाय जागीच अडायचे. समुपदेशक बाईंनी शिकवलं, टाच जमिनीत दाबायची आणि गाड्यांचा इंडिकेटर मनातल्या मनात वाचायचा: कसारा, डोंबिवली, कर्जत. आपण आज कुठे आहोत हे शरीराला सांगायचं. वास आजही ओळखू येतो, पण मी चालत राहते.

‘मी कोण’ याचं उत्तर मात्र मला समुपदेशक बाईंच्या खोलीत बसून मिळालं नाही. अनेक वर्षं मी अंग चोरून वावरले. काय खाणार, कुठे जायचं, कुठली साडी, सगळ्याला माझं एकच उत्तर: तुम्ही म्हणाल ते. मग महापालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं. पाण्यावर पाठीवर तरंगायचं होतं. शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं, “पाठीखाली हात धरू का?” मी नको म्हटलं. “बरं, मग कठड्याला धरा,” असं म्हणून त्या पुढच्या बाईकडे वळल्या. राग नाही, समजावणं नाही, का म्हणून विचारणंही नाही. माझ्या अंगाला हात लावण्याआधी मला विचारलं गेलं आणि माझा नकार जसाच्या तसा मानला गेला. मी पाण्यात उभी राहून रडले. पुढे मीच त्यांना हात धरायला सांगितलं. मला वाटतं, आपण आपल्याला परत सापडतो ते अशाच ठिकाणी. तुझ्या ‘हो’ला आणि ‘नको’ला जिथे किंमत आहे अशी माणसं शोध. मैत्रीण असेल, नाटकाचा ग्रुप असेल, काहीही.

समुपदेशक निवडतानाही हीच कसोटी लाव. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावणारी किंवा ‘माफ करून टाक’ म्हणणारी व्यक्ती असेल तर दुसरीकडे जा. माफ करणं ही बरं होण्याची अट नाही. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरव. तो चोवीस तास मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं.

तक्रार करायची की नाही हे फक्त तू ठरव. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. त्याआधीच्या घटनांना जुनी भारतीय दंड संहिता लागते, पण बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नुसती माहिती घेऊन परत आलीस तरी चालेल.

आता लग्नाचं. जाणं तुझ्यावर बंधनकारक नाही. बहिणीवर माया असेल तर आदल्या दिवशी तिला एकटीला भेटून ये. गेलीसच, तर सगळं माहीत असलेली एखादी मैत्रीण सोबत ने, परतीची गाडी तुझ्या हातात ठेव, आणि आईला आधीच सांगून ठेव, “मी त्याच्या पाया पडणार नाही, त्याच्याबरोबर फोटोला उभी राहणार नाही. चारचौघांत आग्रह केलास तर मी निघून येईन.” आई रडेल, लोक काय म्हणतील असं विचारेल. तिच्याशी वाद घालू नकोस. आग्रह झालाच तर पर्स उचल आणि नीघ.