व्हॉल्व्ह बदलण्याआधी

म्हापशाच्या बाजारातून आणलेला जुना, व्हॉल्व्हचा (म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ घरी पोचल्याबरोबर प्लगला लावू नकोस. आपल्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या सेटचे कागदी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बहुतेक गळके झालेले असतात, म्हणजे त्यांतून नको तिथे वीज झिरपते. आधी ६० वॅटचा बल्ब सीरिजमध्ये घाल, म्हणजे सेटची वीज त्या बल्बमधूनच जाईल. आत हात घालण्यापूर्वी वीजपुरवठ्यातले मोठे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज कर, म्हणजे त्यांतली साठलेली वीज उतरव. बंद सेटमध्येही २५०-३०० व्होल्ट राहू शकतात. हे खरंच मनावर घे.

व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चंदेरी डाग दिसतो. तो दुधासारखा पांढरा झाला, की आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. डाग चकचकीत असेल तर फिलामेंटचा (आतल्या तापणाऱ्या तारेचा) रोध मोज: ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हला पिन ४ आणि ५, थंड असताना मोजकेच ओहम. फिलामेंट शाबूत असूनही कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) दमलेला असू शकतो, म्हणून त्या जागी खात्रीचा चालू व्हॉल्व्ह घालून बघायचा.

पण घाई नको. माझ्या एका सेटमध्ये ईएल८४ ची प्लेट (इलेक्ट्रॉन झेलणारा आतला पत्रा) लालबुंद व्हायची. मी नवा घातला, तोही पाच मिनिटांत लाल! दोष आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या कपलिंग कपॅसिटरचा होता; तो गळत होता. त्यामुळे ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज येत होतं. तेव्हापासून आधी ग्रिडवरचं व्होल्टेज मोजतो, मगच व्हॉल्व्हला हात लावतो. आणि हो, खाऱ्या हवेने काळवंडलेल्या व्हॉल्व्हच्या पिना पुसून घे. अर्धी खरखर तिथेच थांबते.