चौथाच महिना, पोट दिसतही नाही, तरी जिना चढताना धाप का लागते?

लागते. त्यात नाटक काही नसतं, हे आधी सांगते, कारण मला तेच ऐकवलं गेलं होतं.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो, बिनलिफ्टची इमारत. दुसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी खाली टेकवून कठड्याला धरून उभी होते, तेवढ्यात मागून मोठ्या वन्सं आल्या. "अगं, पोटाचा पत्ता नाही आणि आत्तापासून धापा? मी नवव्या महिन्यापर्यंत पाण्याचे हंडे चढवलेत." वर गेल्यावर हेच सासूबाईंना, संध्याकाळी फोनवरून गावच्या काकूंना. 'नाजूक' हा शिक्का बसला तो बसलाच.

मुळात पोटाचं ओझं नंतरचं. गरोदरपणात वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाच डिवचतं, त्यामुळे पोट दिसायच्या कितीतरी आधीपासून श्वास खोल होतो आणि दम लागल्यासारखं वाटतं. त्यात शरीरातलं रक्त हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी मिनिटाला १०-२० ठोक्यांनी जलद होते. वाढतो तो मुख्यतः प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, तांबड्या पेशी त्या मानाने कमी. वरणात डाळ चमचाभर आणि पाणी वाटीभर वाढवावं, तसं. म्हणून रिपोर्टात हिमोग्लोबिन उतरतं. माझं उतरलं तेव्हा वन्संचं निदान तयार होतं: "खात नसेल धड."

त्यांनाही तेव्हा धाप लागतच असणार. सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता. पण म्हणून दुसरीनेही गप्प बसावं का?

तुमच्या घरी असं कुणी बोलत असेल तर उत्तर तुम्ही देऊ नका, नवऱ्याला द्यायला लावा. सोनोग्राफीला त्याला बरोबर न्या, डॉक्टरांकडून त्याच्याच कानावर घाला. आमच्याकडे "जाऊ दे ना, ताई तशीच आहे" यापलीकडे गाडी गेली नाही. त्यावरून आजही आमचं वाजतं.

हां, एक राहिलं. बसल्या जागी किंवा आडवं पडल्यावर धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, एकाच पायाला सूज असेल, तर इथे वाचत बसू नका, तडक डॉक्टर गाठा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर 'रक्त पातळ झालंय' म्हणून सोडून देऊ नका. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळी होते, ती गोळीमुळेच.