बॅटरीची तार काढल्यावर आलेले एरर कोड: आधी व्होल्टेज बघा

तुमच्या बीएस-६ पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा घालवायला तुम्ही रात्रभर बॅटरीची तार काढून ठेवलीत. तो दिवा गेला, पण आता एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) यांचे दिवे लागलेत, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग, वरखाली होतंय आणि गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर पी०५६२ व यू०१२१ दाखवतोय. गॅरेजवाला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदला म्हणतोय. त्याला तूर्तास नाही सांगा. ईसीयू असा सहजासहजी जात नाही.

पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. यू०१२१ म्हणजे एबीएसच्या मॉड्यूलशी, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरशी, संपर्क तुटला. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल मध्येच गप्प होतं आणि बाकीचे त्याची तक्रार नोंदवतात, त्यामुळे हे दोन कोड बरेचदा जोडीनेच येतात. दोन्ही लिहून ठेवा, स्कॅनरनेच पुसा आणि परत कोणता येतो ते बघा. जो परत येईल त्याच्याच मागे लागायचं.

त्याआधी मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली आहे, आधी चार्ज करून घ्या. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरी भरली की ईसीयू स्वतःच चार्जिंग कमी करतो, म्हणून आकडा थोडा खाली दिसला की लगेच अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) दोष देऊ नका.

आता खरी चाचणी, जी फारसं कुणी करत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या क्लॅम्पवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास आला तर क्लॅम्प वरून घट्ट दिसला तरी आत नीट बसलेला नाही. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिन ब्लॉक यांच्यात तेच करा. तिथे आकडा वाढला तर अर्थिंगची पट्टी बघा. कोकणच्या दमट हवेत तिथे गंज हमखास सापडतो. तार काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

आयडलिंगचं कारण वेगळं आहे. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या भागात) कार्बन साचत जातो तसा ईसीयू झडप थोडी जास्त उघडायला शिकतो. तार काढल्याने बऱ्याच गाड्यांत ते शिकलेलं पुसलं जातं, कार्बन मात्र जागच्या जागी राहतो. एसी, दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, दहा मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग नेहमीसारखी गाडी चालवा. तरी बसलं नाही तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या आणि स्कॅनरने रीलर्न करा, म्हणजे ईसीयूला झडपेची जागा नव्याने शिकवा. झडप बोटाने ढकलू नका, आतली मोटर आणि गिअर खराब होतात.

ईएसपीचा दिवा बहुतेक स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणाऱ्या स्टिअरिंग अँगल सेन्सरचा आहे. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग मोकळ्या सरळ रस्त्यावर थोडं चालवा. पुष्कळ गाड्यांत तेवढ्याने दिवा विझतो, काहींना स्कॅनरवरून कॅलिब्रेशन लागतं.

मला खरी काळजी पहिल्या दिव्याची वाटते. तो का लागला होता याची नोंद, त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, हे सगळं फ्रीझ फ्रेममध्ये होतं आणि बहुधा बॅटरीबरोबर गेलं. दोष गेलेला नाही, फक्त पुरावा गेला. मिसफायर (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं) असेल तर कोड लवकर परत येईल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) तपासणी ठरावीक परिस्थितीतच होते, त्यामुळे तो कोड यायला बरेच दिवस लागू शकतात. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झालेले दिसेपर्यंत दिवा बंद आहे याला अर्थ नाही. तो परत लागला तर बॅटरीला हात लावायच्या आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. आणि दिवा लुकलुकू लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या: न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो बदलण्याचा खर्च मोठा असतो.